परभाषा-शिक्षणाचीं नवीं साधनें

परभाषा शिकावयाची तर पुण्यामुंबईस जावें, असा वऱ्हाडांतील सुशिक्षित कुटुंबांचा कालपरवांपर्यंतचा समज होता, आणि तो खोटा नव्हता. रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषांचे वर्ग पुण्यास. मॅक्समुल्लर भवन पुण्यास आणि मुंबईस. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या मुलास जर्मन शिकावयाची तर त्यानें रात्रभर प्रवास करावा, खोली शोधावी, खानावळ लावावी आणि मग 'गुटेन टाग' म्हणावें, असा क्रम असे. ज्यांस हा खर्च झेपत नसे त्यांच्या मुलांच्या वांट्यास परभाषा म्हणून एकटी इंग्रजी येई, तीहि पुस्तकांतली. आज ही स्थिति पालटली आहे. अमरावतीच्या राजकमल चौकांत बसची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलीच्या कानांत जर्मन बातमीपत्र वाजत असतें, आणि अकोल्याच्या एखाद्या घरांत रात्रीं जेवणें उरकल्यावर जपानी शिक्षिकेचा आवाज ऐकूं येतो. हें साधन हातीं आलें याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. आणि आनंद आहे म्हणूनच त्याची जरा कठोर तपासणी करावी असें वाटतें.

तपासणीचें दुसरें कारण व्यवहाराचें आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यांत दहा हजार जणांस पाठविण्याचें उद्दिष्ट जाहीर झालें आणि त्यांच्या जर्मन-शिक्षणाची योजनाहि आंखली गेली. परिचारिकेस तेथें पूर्ण अधिकारानें काम करावयाचें तर बहुधा 'बी-टू', म्हणजे युरोपीय मोजणीच्या सहा पायऱ्यांपैकीं चौथी पायरी, गांठावी लागते. ज्या घरांत मुलगी नर्सिंगचा अभ्यास करीत आहे तेथें जर्मन ही आतां हौसेची भाषा राहिली नाहीं; घरचें कर्ज, धाकट्या भावाचें शिक्षण आणि बापाच्या चार एकर कपाशीनें न दिलेला भरंवसा, हें सर्व तिच्यावर टेकलें आहे. अशा मुलीच्या हातीं आपण काय देत आहों, हें पाहावयास नको काय?

या साधनांचे पुरस्कर्ते एक गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगतात. पूर्वीं म्हणे भाषा पुस्तकांतून शिकवीत. आतां ती अस्सल सामग्रीवरून शिकवावयाची, म्हणजे त्या भाषेच्या लोकांनीं एकमेकांकरितां बोललेल्या व लिहिलेल्या गोष्टींवरून. बातम्या, जाहिराती, स्टेशनावरच्या सूचना, औषधाच्या खोक्यांतली चिठ्ठी हीं तेथें पाठ्यपुस्तकें. कल्पना उत्तम आहे; नवी मात्र नाहीं. विल्यम केरीनें १८०५ सालीं सेरामपूर येथें मराठीचें व्याकरण छापलें, त्यास त्यानें नित्य व्यवहारांतील संवाद जोडले होते. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यास विभक्तीच्या कोष्टकांवर मराठी येणार नाहीं, नोकराशीं आणि रयतेशीं बोलतां आलें पाहिजे, हें त्या पाद्र्यास सव्वादोनशें वर्षांपूर्वीं कळलें होतें. आणि त्याच्या हाताशीं वैजनाथ पंडितासारखा जिवंत मराठी माणूस होता, हें विसरूं नये. पुढें १९०१ सालीं लंडनमध्यें लिंग्वाफोन संस्था निघाली आणि तिनें परभाषेचा आवाज ग्रामोफोनच्या तबकडींत भरून घरोघर नेला. मोबाइलनें जें केलें तें या दोन्ही गोष्टी एकत्र करून स्वस्त करण्याचें. हें काम लहान नाहीं. पण शोध म्हणून मिरविण्याजोगेंहि नाहीं.

मधल्या काळांत आमच्याकडे तर्खडकरांच्या भाषांतरमालेनें पिढ्या घडविल्या. तिची थट्टा करण्याची आतां चाल पडली आहे; आम्ही त्या थट्टेंत सामील नाहीं. त्या मालेवर तयार झालेल्या माणसास वाक्याचीं हाडें कोठें असतात हें कळे. कानाचें शिक्षण तिच्यांत नव्हतें, हें मात्र खरें. आमच्या परिचयाचे एक वृद्ध वकील बर्कच्या भाषणांतील उतारे घडाघड म्हणत. पण मुंबईच्या फलाटावर एका गोऱ्या प्रवाशानें साधी वेळ विचारली तेव्हां त्या गृहस्थास तीन वेळां 'पार्डन' म्हणावें लागलें, आणि चौथ्या वेळीं त्यांनीं निमूटपणें घड्याळच पुढें केलें.

कानाच्या शिक्षणाची संधि वऱ्हाडास पूर्वीं आलीच नव्हती असेंहि नाहीं. येथल्या कापसासाठीं स्वित्झर्लंडमधील विंटरथुरच्या फोल्कार्ट ब्रदर्सचीं माणसें येत. पुढें जपानी कापूस-कंपन्यांचीं आलीं. कापूस गेला, रुपये आले, भाषा मात्र एकहि राहिली नाहीं. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत ज्या देशांतल्या बाजारांत ठिकठिकाणीं होती, तेथें भाषेवांचून सौदा अडत नसे, हेंहि एक कारण असावें. आज सौदा कापसाचा नसून माणसाचा आहे. तो रुमालाखालीं उरकत नाहीं.

आतां प्रत्यक्ष नमुने पाहूं. डॉइचे वेले ही जर्मनीची परदेशांकरितां चालणारी प्रसारणसंस्था. ती 'हळू उच्चारलेल्या बातम्या' अशा अर्थाच्या नांवाखालीं एक बातमीपत्र देते. निवेदक प्रत्येक शब्द सुटा व स्वच्छ उच्चारतो आणि तोच मजकूर डोळ्यांपुढें मिळतो. फ्रान्सच्या आर. एफ. आय. या नभोवाणीचें 'सोप्या फ्रेंचमधील' दहा मिनिटांचें बातमीपत्र असेंच शिकणाऱ्यांसाठीं आहे. तेथें बातमींतला अवघड संदर्भ तेथल्या तेथें उलगडून सांगतात. दोहोंत आम्हांस फ्रेंचांचें सरस वाटतें. कारण नुसतें हळू बोलल्यानें कांहीं सोपें होत नाहीं; न समजणारा शब्द सावकाश उच्चारला तर तो सावकाश समजत नाहीं, इतकेंच.

डॉइचे वेलेचीच 'निकोस वेग' ही चित्रकथा याहून निराळी आहे. निको नांवाचा स्पॅनिश तरुण जर्मनीच्या विमानतळावर उतरतो आणि त्याची पिशवी हरवते. तेथून पाठ सुरू होतात. ही अस्सल सामग्री नव्हे. शिकणाऱ्यांकरितां रचलेली गोष्ट आहे, आणि नटांचा अभिनयहि कांहीं थोर नाहीं. पण परक्या गांवांत पिशवी हरवलेल्या माणसास भाषेची जी गरज लागते ती खरी आहे, म्हणून त्या गोष्टींतला बनावटपणा खुपत नाहीं. मंत्र्यांच्या परिषदेची अस्सल बातमी नवशिक्यास जितकी परकी, तितकी ही बनावट पिशवी जवळची. अस्सलपणा सामग्रींत असतो तसाच तो शिकणाऱ्याच्या निकडींतहि असतो, ही गोष्ट या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांच्या ध्यानांत फारशी आलेली दिसत नाहीं. आमच्या बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीस उशीर झाल्याची सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीनदां कानीं पडते. शाळेचें तोंड न पाहिलेली बाईहि तीं तिन्ही ऐकून कांहीं वर्षांत इंग्रजी आंकडे ओळखूं लागते. कारण तिला गाडी गांठावयाची असते. जर्मन फलाटांवरच्या सूचना आज कोणासहि घरबसल्या ऐकतां येतात. तिकडेहि गाड्या उशिरा येतात हें समजल्यावर आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्यास जर्मनीविषयीं जो आपलेपणा वाटला, तो कोणत्याहि पाठ्यपुस्तकानें निर्माण केला नसता.

मोबाइलवरील खेळवजा ॲप्सविषयीं आमचें मत इतकें अनुकूल नाहीं. चार शब्दांतून एक निवडावा, दोन शब्दांची जोडी लावावी, उत्तर बरोबर आलें कीं मंजुळ घंटी वाजावी आणि रोज पांच मिनिटें हजेरी लावल्याबद्दल दिवसांची माळ लांबत जावी, अशी यांची रचना असते. अकोल्याच्या एका तरुणानें अशी तीनशें दिवसांची माळ गुंफली होती. घरच्यांस तिचें मोठें कौतुक. पाहुण्यांस ती दाखवीत. पुढें एका मुलाखतींत पडद्यापलीकडच्या जर्मन बाईनें त्यास सहज विचारलें, आज सकाळीं काय खाल्लेंत? तरुण गप्प. त्यास उत्तर येत नव्हतें असें नाहीं. चार पर्याय पुढें ठेवले असते तर त्यानें तें अचूक ओळखलें असतें. ओळखणें आणि बोलणें या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि ॲप पहिलीचे गुण दुसरीच्या खात्यांत मांडतें. त्या मुलाचा काय दोष? त्यास तीनशें दिवस कोणीं एकदांहि अडविलें नव्हतें, चुकल्यावर भुंवई उंचावली नव्हती, कीं उत्तराची वाट पाहत कोणी त्याच्या तोंडाकडे पाहत बसलें नव्हतें.

हा दोष तरी दिसण्यांत येतो. ज्याविषयीं कोणी अवाक्षरहि काढीत नाहीं तो दोष निराळा आहे. हीं बहुतेक साधनें आमच्या मुलांशीं इंग्रजींतून बोलतात. जपानच्या एन. एच. के.नें आपले सोप्या जपानीचे पाठ हिंदी, बंगाली आणि उर्दू या भाषांतूनहि दिले. मराठींतून दिले नाहींत. म्हणजे वऱ्हाडांतल्या मुलानें आधीं इंग्रजी शिकावी आणि मग तिच्या खांद्यावर बसून जपानी पाहावी. नुकसान नुसत्या भाषाभिमानाचें असतें तर आम्ही गप्प बसलों असतों. नुकसान समजुतीचें आहे, आणि तें उदाहरणांनींच पटेल.

जपानी माणूस घरांतून निघतांना 'इत्ते किमासु' म्हणतो. इंग्रजी पाठांत याचा अर्थ 'मी निघालों' अशासारखा कांहींतरी देतात आणि हा एक जपानी शिष्टाचार आहे, तो पाठ करावा, असें सुचवितात. आमच्याकडे उंबरठा ओलांडतांना 'जातों' म्हणूं देत नाहींत. 'येतों' म्हणावें, 'जाऊन येतों' म्हणावें. त्या जपानी वाक्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतों' हाच आहे! जें मराठी मुलास आजीनें पांचव्या वर्षींच शिकविलें, तें त्यास परक्या देशाची नवलाई म्हणून इंग्रजीच्या हातून घ्यावें लागतें. पुढें 'पिकापिका', 'दोकिदोकि', 'शितोशितो' असे शब्द येतात, तेव्हां इंग्रजी पाठकार हवालदिल होतो, कारण त्याच्या भाषेंत असल्या शब्दांचा सुकाळ नाहीं. आम्हांस तेथें लखलख, धडधड आणि रिमझिम असें म्हणून पुढें जातां येतें.

जर्मनचीहि हीच कथा. इंग्रजींतून जर्मन शिकणाऱ्यास लिंगव्यवस्थेचा मोठा जाच वाटतो. मार्क ट्वेननें १८८० मध्यें त्या भाषेवर एक निबंधच लिहिला आणि मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून मनसोक्त थट्टा केली. मुलीसाठीं जर्मनांचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे खरा. पण त्याचें कारण त्याच्या शेवटचा लघुत्वदर्शक प्रत्यय. तो प्रत्यय लागला कीं शब्द नपुंसकलिंगी झालाच. मराठी मुलास हें समजावून देण्यास लेंकरूं, वासरूं, कोकरूं एवढे तीन शब्द पुरेत. तो-ती-तें हा भेद ज्याच्या जिभेवर जन्मापासून आहे, त्यास कोणी 'जर्मनींत तीन लिंगें असतात, घाबरूं नका' असा धीर द्यावा, यासारखी मौज नाहीं. शब्दांचीं लिंगें दोन्ही भाषांत जुळतात असा याचा अर्थ नव्हे. सूर्य जर्मनींत स्त्री आहे, आणि तें पाठच करावें लागतें. पण शब्दास लिंग असतें ही गोष्ट ज्यास सांगावी लागत नाहीं, त्याचें अर्धें काम झालेलें असतें.

उच्चारांचें पाहा. आमचीं वृत्तपत्रें 'त्सुनामी' असें लिहितात. इंग्रजींत तो उच्चार नाहीं, म्हणून इंग्रजांनीं दोन अक्षरें जोडून तो कसाबसा दाखविला, आणि आम्ही तें जोडाक्षर तसेंच उचललें. वास्तविक 'चूल' या शब्दांतला जो च, तोच हा उच्चार जवळजवळ आहे. जर्मनांच्या साखरेस 'त्सुकर' लिहितात. तेथेंहि चुलींतलाच च. ज्या ध्वनीसाठीं इंग्रज मुलास जिभेस पीळ घालावा लागतो, तो वऱ्हाडांतल्या प्रत्येक स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षें आहे.

आणि आतां जें सांगावयाचें आहे तें ऐकून कित्येक शिक्षक आमच्यावर रागावतील. वऱ्हाडी मूल 'तो खाऊन राह्यला' असें म्हणालें कीं त्यास अमरावतीच्या शाळेंत 'तो खात आहे' असें शुद्ध करून सांगतात. शुद्ध मराठी शिकवावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु जपानींत 'तो खात आहे' या अर्थीं 'ताबेते इरु' म्हणतात. त्यांत 'ताबेते' म्हणजे खाऊन, आणि 'इरु' म्हणजे असणें, राहणें. अर्थात् 'खाऊन राह्यला'! दोन भाषांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. हा निव्वळ योगायोग आहे. पण शिकविणारास असा योगायोग म्हणजे सांपडलेलें धन. जी बोली मुलास वर्गांत लाजवते, तीच त्यास टोकियोच्या वर्गांत दोन पावलें पुढें ठेवते. हें त्यास कोणतें ॲप सांगणार? ॲपला वऱ्हाडी ठाऊक नाहीं. आणि ज्या गुरुजींस ठाऊक आहे त्यांनीं ती पुसून टाकण्याची शपथ घेतलेली.

सांगणारा माणूस मिळाला तर साधनें किती उपयोगी पडतात, याचा दाखला शेजारच्या मराठवाड्यांतच आहे. गाडीवाट हें तेव्हांच्या औरंगाबाद, आतांच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यांतलें एक खेडें. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें २०१९ सालीं मुलांस एखादी परभाषा शिकविण्याचें ठरविलें. कोणती हवी असें मुलांसच विचारलें. यंत्रमानवांची विद्या जपानांत आहे, तेव्हां जपानी हवी, असें बहुतेकांनीं सांगितलें. शिक्षकांजवळ ना पुस्तक ना अभ्यासक्रम. त्यांनीं इंटरनेटवरच्या चित्रफिती आणि भाषांतराचीं साधनें यांतून धडे जुळवून आरंभ केला. आणि ही वार्ता ऐकून एका जपानी जाणणाऱ्या गृहस्थांनीं २०२० मध्यें पडद्यावरून विनामूल्य शिकविण्याचें अंगावर घेतलें. या घटनेची वृत्तपत्रांनीं 'इंटरनेटचा चमत्कार' म्हणून तारीफ केली. आमच्या मतें चमत्कार दोन ठिकाणीं घडला, आणि दोन्ही ठिकाणीं तो माणसांनीं केला. एक तर मुलांस विचारलें. आणि दुसरें, चुकलेलें दुरुस्त करणारा मराठी बोलणारा माणूस मुलांस मिळाला. मधली तार यंत्राची, इतकेंच.

इतका वेळ आम्ही जर्मन आणि जपानी लोकांस, अथवा त्यांच्या साधनांचे कारखानदार असलेल्या इंग्रजी जगास, आमच्या मराठीकडे पाहत नाहींत म्हणून बोल लावला. हेंच माप आपल्या अंगास लावून पाहणें प्राप्त आहे. त्यासाठीं अमरावती जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं. मेळघाटांत, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, हजारों मुलें घरीं कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नव्हे; ती मुंडा कुळांतली, संताळी आणि मुंडारी यांची बहीण. मध्यप्रदेशांतले धरून तिचे बोलणारे २०११ च्या गणतींत सात लाखांहून अधिक भरले. त्या घरांतून पहिलींत आलेल्या मुलास मराठी ही, अमरावतीच्या मुलीस जर्मन आहे तितकीच, किंबहुना अधिक, परकी आहे. फरक एवढाच, कीं अमरावतीच्या मुलीस जर्मन परभाषा म्हणून शिकवितात आणि मेळघाटच्या मुलास मराठी मातृभाषा म्हणून.

त्या मुलाच्या चुका पाहाव्या. तो, ती, तें यांची तें मूल गल्लत करतें आणि गुरुजी त्यास मंद ठरवितात. कोरकूमध्यें पुरुष, स्त्री आणि नपुंसक असा विभाग नाहींच. सजीव आणि निर्जीव अशी रेघ आहे. झाड तो कीं तें, हा प्रश्न त्याच्या भाषेनें त्यास कधीं घातलेला नाहीं. उलट 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद, जो इंग्रज, जर्मन आणि जपानी यांपैकीं कोणाच्याहि भाषेंत नाहीं, तो कोरकूंत पहिल्यापासून आहे. मराठीशीं जोडणारा हा पूल तयार असतां त्यावरून चालण्यास त्या मुलास कोणी सांगत नाहीं. त्याची भाषा जाणून घेण्याचें काम जॉन ड्रेक या मिशनऱ्यानें १९०३ मध्यें कोरकूचें व्याकरण छापून केलें. तें इंग्रजींत आहे, म्हणजे मेळघाटांतल्या मराठी शिक्षकास कोरकूहि इंग्रजीच्या खांद्यावरून पाहावी लागते. पुढें कोरकू मुलांसाठीं दुभाषी पुस्तकें काढण्याचे प्रयत्न अधूनमधून झाले आहेत, नाहीं असें नाहीं. पण शाळेंत जी पडद्याची आणि संगणकाची सामग्री पोंचते, तींतील आवाज बहुधा पुण्यामुंबईच्या मराठीचा असतो. कोरकू मुलास तो वऱ्हाडीपेक्षांहि लांबचा.

अस्सल सामग्री येथें शोधावी लागत नाहीं. धारणीच्या बाजारांत कोरकू म्हातारी मोहाचीं फुलें विकते आणि गिऱ्हाइकाशीं मराठींत, हिंदींत आणि हातवाऱ्यांनीं घासाघीस करते. शेजारणीशीं लगेच कोरकूंत बोलते. तिच्या संमतीनें तो एक तास साध्या मोबाइलवर टिपून घ्यावा, दोन्ही भाषा जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकानें त्यावर दोन्ही भाषांतून दहा धडे बांधावे. खर्च कांहींच नाहीं. असे दहा धडे कोणीं बांधले असतील तर ते आमच्याकडे अवश्य पाठवावे. जर्मन बातमीपत्राच्या आधीं आम्ही त्यांचें परीक्षण छापूं.